हयातीचा दाखला : साथीच्या काळातील सरकार आणि निराधार



सरकारकडून निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत असे सिद्ध करावे लागते. या कागदाला आपण हयातीचा दाखला म्हणतो. त्यावर थट्टा पुष्कळ झाली आहे. समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला ‘तुम्ही जिवंत असल्याचा पुरावा कोठे आहे?’ असे विचारणारा कारकून आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्या कारकुनाची बाजूही आधी ऐकून घेतली पाहिजे. मृताच्या नावावर पैसे जात राहिले, तर ते सार्वजनिक पैसे बुडतात. कोषागारात बसलेल्या मनुष्याला लाखो लोकांपैकी कोण आहे आणि कोण गेला, हे दुसऱ्या कोणत्या मार्गाने कळावे? म्हणून नियम झाला, की ज्याला पैसे हवेत त्याने स्वतः यावे आणि दाखला द्यावा.

साधारण दिवसांत हा नियम त्रासाचा असला तरी निभावून जातो. साथ आली म्हणजे मात्र त्याचे स्वरूप पालटते. साथीत सरकारचा एक विभाग म्हणतो, ‘साठीच्या पुढच्या माणसांनी घराबाहेर पडू नये.’ दुसरा विभाग म्हणतो, ‘कचेरीत येऊन आपली ओळख पटवा.’ दोन्ही हुकूम एकाच सरकारचे. पहिला पाळावा तर पैसे बंद होण्याची भीती, दुसरा पाळावा तर जिवाची. अशा वेळी पुराव्याचे ओझे कोणी वाहावे, गरजवंताने की सरकारने, हा प्रश्न उभा राहतो. आमच्या मते साथीच्या काळातील राज्यकारभाराची खरी परीक्षा येथेच होते. महाराष्ट्राने ही परीक्षा जवळून पाहिली आहे, १८९७ च्या प्लेगमध्ये आणि पुन्हा २०२० व २०२१ च्या करोना साथीत. या दोन साथींच्या मधल्या काळात निवृत्तिवेतनाची कल्पनाच कशी बदलत गेली, तेही पाहावे लागेल. या तीन मुक्कामांचा प्रवास आज आपण करणार आहोत.

प्लेगपासून आरंभ करू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. पुढल्या चार-पाच महिन्यांत तो पुण्यापर्यंत येऊन पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा मंजूर झाला. कायदा अवघ्या चार कलमांचा. सरकारने कोणतीही तात्पुरती आज्ञा काढावी, आगगाडीच्या उतारूंची तपासणी करावी, संशयितांना वेगळे ठेवावे. जो आज्ञा मोडील त्याला शिक्षा व्हावी. आणि या कायद्याखाली सद्भावनेने काम करणाऱ्या कोणावरही दावा चालू नये. एवढेच काय ते त्यात होते. ज्याची रोजी बुडाली त्याने काय खावे, घरातला कर्ता पुरुष गेला तर मागे राहिलेल्यांनी कोणाकडे पाहावे, याविषयी या कायद्यात एक अक्षरही नव्हते.

पुण्यात रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीने गोऱ्या शिपायांकडून घरे तपासविली. रोगी इस्पितळात आणि घरची माणसे छावणीत, असा तो कारभार. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री कसा झाला, हे पुणेकरांना सांगण्याची गरज नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. त्या काळचे सरकार घरोघर जाऊ शकत नव्हते, असे कोणी म्हणू शकणार नाही. ते माजघरापर्यंत, देवघरापर्यंत गेले. हात धरून माणसे बाहेर काढण्यासाठी गेले. मदत घेऊन तेवढे गेले नाही. परिणामी लोकांनी रोगी लपविले. काखेत गाठ आली की ती सांगायची नाही, मृत्यू झाला तर कारण दुसरेच सांगायचे, ही रीत पडली. रोगाचे नाव कागदावर आले की घर मोडते, एवढेच लोकांस उमगले होते.

येथे कोणी म्हणेल, की त्या काळी सरकारने गरिबाला मदत करावी ही कल्पनाच नव्हती. तसे मात्र नाही. त्याच वर्षी महाराष्ट्रात दुष्काळही होता, आणि दुष्काळासाठी सरकारने लिहून ठेवलेले नियम होते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ही संहिता तयार झाली होती. तिच्यात मदतीचे दोन प्रकार होते. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने सरकारी कामावर यावे, खडी फोडावी, माती वाहावी आणि मजुरी घ्यावी. येथे त्याचे श्रम हाच त्याच्या गरजेचा पुरावा; खरा भुकेला असेल तोच उन्हात खडी फोडायला येईल, असा तो हिशेब. तो कठोर होता आणि त्याने पुष्कळांचे हाल केले. परंतु म्हातारे, आंधळे, पांगळे आणि ज्यांना कोणी नाही अशांसाठी दुसरा प्रकार होता. त्यांच्या याद्या गावोगाव तयार करावयाच्या आणि त्यांना काम न घेता धान्य किंवा पैसे द्यावयाचे. ज्या स्त्रिया रिवाजामुळे घराबाहेर पडत नाहीत, त्यांना घरी मदत पोहोचविण्याची सोयदेखील दुष्काळसंहितांत होती.

म्हणजे अशक्ताने कचेरीत येऊ नये, कचेरीने अशक्ताकडे जावे, हे तत्त्व एकोणिसाव्या शतकातील परक्या सरकारलाही कागदावर ठाऊक होते. अडचण अशी, की ते लोकांना ठाऊक नव्हते. १८९६ मध्ये टिळकांनी केसरीतून आणि सार्वजनिक सभेने आपली माणसे खेडोपाडी पाठवून शेतकऱ्यांना हे नियम समजावून सांगितले. सरकारनेच केलेला कायदा, तो लोकांच्या भाषेत सांगितला, इतकाच त्यांचा अपराध. सरकारला तो रुचला नाही आणि १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. आपला हक्क वाचून दाखविणारा मनुष्य सत्तेला किती टोचतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

दुष्काळाला संहिता होती, साथीला नव्हती. ती उणीव ज्यांनी आपल्या परीने भरून काढली, त्यांत सावित्रीबाई फुले यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. पुत्र डॉ. यशवंतराव यांच्यासह त्यांनी पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. आपल्याकडे जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक बळी घेतले, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. तेव्हाही औषधे वाटणे, पेज पोहोचविणे, प्रेते उचलणे हा भार पुष्कळ अंशी स्वयंसेवी मंडळ्यांनीच उचलला. मागे राहिलेल्या विधवांच्या आणि पोरक्या मुलांच्या उदरनिर्वाहाचा प्रश्न सरकारी दप्तरात उगवलाच नाही. तो भाऊबंदांचा, जातीचा किंवा दैवाचा प्रश्न मानला गेला.

आता दुसऱ्या मुक्कामाकडे वळू. साथीत निवृत्तिवेतन मागणारा मनुष्य काय मागत असतो, भीक की देणे? याचे उत्तर काळाप्रमाणे बदलत गेले आहे. १८१८ मध्ये राज्य सोडताना दुसऱ्या बाजीरावास वर्षाला आठ लाखांचा तनखा ठरला. १८५१ मध्ये ते वारल्यावर कंपनी सरकारने तो बंद केला आणि नानासाहेबांचा अर्ज फेटाळला. तनखा देणाऱ्याची मर्जी हीच त्याची मुदत, असा त्याचा अर्थ. १८७१ च्या पेन्शन कायद्याने या मर्जीला कायद्याचे रूप दिले. सरकारने दिलेल्या पेन्शनीबद्दल दिवाणी न्यायालयात दावा चालू नये; चालावयाचा असेल तर कलेक्टरचा दाखला आणावा, असे त्यात ठरले. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच परवानगीने फिर्याद!

स्वातंत्र्यानंतर ही दृष्टी हळूहळू पालटली. १९४८ मध्ये राज्य कामगार विम्याचा कायदा आला आणि आजारी कामगाराला रजेच्या दिवसांचे पैसे मिळू लागले. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमाने बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य देण्याची तरतूद राज्याने आपल्या ऐपतीच्या मर्यादेत करावी, असे सांगितले. १९५२ मध्ये भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही सरकारच्या मर्जीवरची बक्षिसी नव्हे असा निर्णय दिला. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा यांच्या खटल्यात त्यावर कळस चढला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठापुढचा हा खटला. निवृत्तिवेतन हे केलेल्या सेवेचे राहिलेले देणे आहे, आणि निवृत्तीची तारीख पुढे-मागे असल्यावरून म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांत भेद करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. सतरा डिसेंबर हा निवृत्तिवेतनधारकांचा दिवस मानतात, तो यामुळे.

परंतु या विजयाची एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. तो सरकारी नोकराचा विजय होता. शेतमजूर, मोलकरीण, हमाल, विडी वळणारी बाई यांनीही आयुष्यभर कष्टच केले. पण त्यांच्या कष्टांची नोंद कोणत्याही सेवापुस्तकात नव्हती. त्यांच्यासाठी आले ते ‘अनुदान’. महाराष्ट्राने १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना काढली. पुढे वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आली. केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला आणि पासष्टीपुढच्या निराधारास महिना ७५ रुपये देऊ केले. २००६ मध्ये ही रक्कम २०० झाली. २०२० मध्ये साथ आली, तेव्हाही ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा २०० रुपयेच होता. महाराष्ट्रात राज्याचा वाटा मिळून एकट्या लाभार्थ्यास महिना १,००० रुपये मिळत होते.

नोकरपेन्शनीत महागाई वाढली की भत्ता आपोआप वाढतो. निराधाराच्या अनुदानात तो वाढत नाही. पुराव्याच्या बाबतीत मात्र उलटा प्रकार. नोकरपेन्शनरास वर्षातून एक दाखला पुरतो. निराधारास वयाचा दाखला, रहिवासाचा दाखला, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला, विधवा असेल तर पतीच्या मृत्यूचा दाखला, अपंग असेल तर डॉक्टरांचा दाखला, आणि वर साल सरले की हयातीचा दाखला. ज्याला कमी द्यावयाचे त्याच्याकडून अधिक पुरावा मागावयाचा, असा हा विलक्षण व्यवहार आहे. साथ येण्यापूर्वीची आपली व्यवस्था ही अशी होती. साथीने ती निर्माण केली नाही. साथीने तिच्यावरचे पांघरूण काढले.

आता तिसरा मुक्काम. मार्च २०२० मध्ये पुण्यात करोनाचे पहिले रुग्ण सापडले. १३ मार्च रोजी महाराष्ट्र सरकारने जो कायदा लागू केला तो १८९७ चाच, चार कलमांचा. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. येथवर प्लेगच्या वर्षाची आठवण यावी असाच क्रम आहे. परंतु दुसऱ्याच दिवशी, २६ मार्चला, केंद्राने गरीब कल्याण योजनेचा १ लाख ७० हजार कोटींचा संकल्प जाहीर केला. बंदीच्या हुकुमापाठोपाठ मदतीचा हुकूम निघाला, हा दोन साथींमधला फरक लहान नाही आणि तो मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे.

त्यातील मुख्य गोष्टी अशा. सुमारे २० कोटी स्त्रियांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा ५०० रुपये. वृद्ध, विधवा आणि अपंग अशा सुमारे तीन कोटी लोकांना दोन हप्त्यांत मिळून १,००० रुपये. शिधापत्रिकेवरील सुमारे ८० कोटी लोकांना माणशी पाच किलो धान्य फुकट. भविष्य निर्वाह निधीच्या सभासदाला तीन महिन्यांचे वेतन किंवा शिलकेच्या पाऊण हिस्सा, यांतील जी रक्कम कमी असेल ती काढण्याची मुभा; अर्थात हे पैसे त्याचे स्वतःचेच होते.

हा पैसा पोहोचला कसा, हे पाहण्यासारखे आहे. खाती आधीच उघडलेली होती, याद्या आधीच तयार होत्या. दिल्लीत हुकूम निघाल्यापासून आठ-दहा दिवसांत खेड्यातील बाईच्या खात्यावर रक्कम पडू लागली. १८९७ मध्ये हे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. पण खात्यात पडलेले पैसे हातात यावयाचे तर बँकेच्या दारापर्यंत जावे लागतेच. तेथे गर्दी होईल, म्हणून खातेक्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस वाटून दिले. ज्यांच्या शेवटी शून्य किंवा एक, त्यांनी ३ एप्रिलला यावे. दोन किंवा तीन, त्यांनी ४ एप्रिलला. असे करीत आठ आणि नऊ यांची पाळी ९ एप्रिलला. त्यानंतर कोणीही केव्हाही यावे. कल्पना साधी आणि शहाणपणाची. मात्र ज्या बाईला आपला खातेक्रमांक वाचता येत नाही, जिच्या गावापासून बँक दहा-बारा किलोमीटरवर आणि वाटेवरची एस. टी. बंद, तिला या वेळापत्रकाचा उपयोग किती व्हावा?

रकमेचा हिशेबही करून पाहावा. निराधाराला मिळालेले १,००० रुपये तीन महिन्यांवर वाटले, तर दिवसाला अकरा रुपये होतात. जनधनचे ५०० रुपये महिन्यावर वाटले, तर दिवसाला सतरासुद्धा होत नाहीत. सुमारे २ कोटी ८१ लाख निराधारांना ते १,००० रुपये पोचले, ही कारभाराची कर्तबगारी खरी. पण नळ उत्तम बसवला आणि पाणी करंगळीएवढे सोडले, असे या मदतीचे वर्णन कोणी केले, तर त्याला खोटे म्हणता येणार नाही.

याहून गंभीर प्रश्न यादीबाहेरच्यांचा होता. ज्याचे नाव यादीत, त्याला सरकार घरबसल्या ओळखत होते; ज्याचे नाव नाही, तो सरकारच्या लेखी नव्हताच. मुंबई-पुण्याच्या बांधकामांवरील मजुरांचे नाव शिधापत्रिकेवर होते, पण ती पत्रिका शेकडो कोस दूर गावी. ते पायी निघाले, तेव्हा देशाने त्यांना रस्त्यावर पाहिले. १ मेपासून त्यांच्यासाठी खास गाड्या सुटल्या. मे महिन्याच्या मध्यावर, शिधापत्रिका नसलेल्या अंदाजे आठ कोटी स्थलांतरितांना दोन महिने धान्य देण्याचे जाहीर झाले. पत्रिकेवाचून धान्य द्यावे हे टाळेबंदीनंतर सात आठवड्यांनी सुचले. पुढे २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कोणत्याही राज्यातील पत्रिकेवर देशात कोठेही धान्य मिळण्याची व्यवस्था सर्व राज्यांनी ३१ जुलैपर्यंत करावी, असा आदेश दिला. माणूस जेथे आहे तेथे त्याचा हक्क त्याच्याबरोबर असावा, ही साधी गोष्ट. पण ती घडण्यास साथ यावी लागली.

आता ज्या कागदापासून आपण आरंभ केला त्याकडे येऊ. केंद्र सरकारच्या निवृत्तांनी हयातीचा दाखला द्यावयाचा महिना नोव्हेंबर. २०२० चा नोव्हेंबर जवळ आला तशी काळजी वाढली. बँकेच्या रांगेत सत्तर-पंचाहत्तरीची माणसे उभी करणे म्हणजे रोगाला आमंत्रणच. तेव्हा सरकारने मुदत प्रथम ३१ डिसेंबरपर्यंत आणि नंतर २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत वाढविली. भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तांनाही हीच सवलत मिळाली. शिवाय त्यांच्यासाठी नोव्हेंबरचे बंधनच काढून टाकले. वर्षात केव्हाही दाखला द्यावा, तो तेथून वर्षभर चालेल, असे ठरले. टपाल खात्याच्या बँकेने पोस्टमनला घरी पाठवून अंगठा घेण्याची सोय केली. फी ७० रुपये. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहरा दाखवून दाखला देण्याची युक्ती निघाली, त्यामुळे कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्यांचीही सोय झाली.

या घटनांकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहावे. जो नियम वर्षानुवर्षे अढळ वाटत होता, ज्याच्यापुढे आजारी माणसाला पाठुंगळीला मारून बँकेत आणावे लागे, तो नियम परिपत्रकांनी तीन महिने सरकला. आभाळ कोसळले नाही. पोस्टमन पूर्वीही रोज त्याच आळीतून जात होता. दाखला त्याच्या हाती द्यावा हे कोणास सुचले नव्हते एवढेच. तेव्हा ‘नियमच तसा आहे’ हे उत्तर यापुढे ऐकू आले, तर २०२० साल आठवावे. शिधावाटपातही अनेक राज्यांनी काही काळ अंगठ्याची सक्ती स्थगित ठेवून धान्य दिले. कारण एकाच यंत्रावर शंभर अंगठे टेकविणे धोक्याचे होते. पुरावा ही सोय आहे, ती सोडताही येते, हे यावरून दिसते.

महाराष्ट्राने दुसऱ्या लाटेत हा धडा काही अंशी लक्षात ठेवला. एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध घालण्याच्या आदल्याच दिवशी ५,४७६ कोटींची मदत जाहीर झाली. निराधार, श्रावणबाळ आदी योजनांतील सुमारे ३५ लाख लोकांना दोन महिन्यांचे अनुदान आगाऊ. परवानाधारक रिक्षाचालक, नोंदलेले फेरीवाले, बांधकाम कामगार आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांना प्रत्येकी १,५०० रुपये. शिवभोजनाची थाळी फुकट. बंदीच्या आधी मदत सांगावी, हे योग्यच झाले. परंतु ‘नोंदलेले’ आणि ‘परवानाधारक’ हे दोन शब्द पाहा. ज्या बाईने भांडी घासण्यात तीस वर्षे घालविली पण नोंदणी केली नाही, ती या मदतीच्या बाहेर राहिली. पुन्हा प्रश्न यादीचाच.

दुसऱ्या लाटेने आणखी एक, फार करुण असा प्रश्न पुढे आणला. हयातीच्या दाखल्याची जागा मृत्यूच्या दाखल्याने घेतली. घरातला मिळवता मनुष्य गेला. आता त्याच्या बायकोने कुटुंब-निवृत्तिवेतन मिळवावयाचे. एरवी या प्रकरणाला महिने लागत. मे २०२१ मध्ये केंद्राने सांगितले, की मागणीअर्ज आणि मृत्यूचा दाखला येताच तात्पुरते कुटुंब-निवृत्तिवेतन सुरू करावे, बाकीची कागदपत्रे मागाहून पाहावीत. आधी द्या, मग तपासा, हा क्रम सरकारी दप्तरात विरळा. तो येथे पाळला गेला याची नोंद घेतली पाहिजे.

ज्यांना निवृत्तिवेतनच नव्हते त्यांची वाट बिकट होती. आपत्तीत मृत्यू पावणाऱ्याच्या कुटुंबास चार लाख रुपये देण्याची रीत होती. १४ मार्च २०२० रोजी केंद्राने करोनालाही ती लागू केली आणि त्याच दिवशी सुधारित पत्र काढून ती वगळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे १२ वे कलम मदतीची किमान मर्यादा ठरविण्यास सांगते, तीत जीवितहानीबद्दलचे साहाय्यही येते. ते ठरविणे सरकारच्या इच्छेवर नाही, कर्तव्य आहे, असा निर्णय ३० जून २०२१ रोजी झाला. किती द्यावे हे न्यायालयाने सरकारवर सोपविले. सरकारने ५०,००० रुपये ठरविले आणि ४ ऑक्टोबरला न्यायालयाने ते मान्य केले. त्याच वेळी न्यायालयाने बजावले, की मृत्यूच्या दाखल्यावर करोना असे लिहिलेले नाही एवढ्याच कारणासाठी कोणासही नाकारू नये. चाचणीपासून तीस दिवसांत झालेला मृत्यू धरावा. आणि तक्रारींसाठी जिल्हावार समित्या असाव्यात.

हे वळण का आले? कित्येकांच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण न्यूमोनिया, हृदयक्रिया बंद पडणे असे काही लिहिलेले होते. कित्येक घरीच गेले, चाचणी झालीच नव्हती. आता १८९७ चे ते घर आठवा. तेथे माणसे रोगाचे नाव कागदावर येऊ नये म्हणून धडपडत होती. २०२१ मध्ये तेच नाव कागदावर यावे म्हणून विधवा कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत होत्या. १८९७ मध्ये सरकारी कागद घर मोडण्यासाठी येत असे, म्हणून लोकांनी तो टाळला. २०२१ मध्ये तोच कागद घर सावरण्याची आशा घेऊन आला, म्हणून लोकांनी तो मागितला. सव्वाशे वर्षांत लोकांचे आणि सरकारचे नाते किती बदलले, हे दाखविणारी दुसरी खूण आम्हांस सापडत नाही. आणि हेही खरे, की दोन्ही वेळा कागदाचे दुःख घरच्यांच्याच वाट्याला आले.

या सगळ्यात कचेरीतील माणसांविषयी दोन शब्द बोलणे न्यायाचे होईल. तलाठी, ग्रामसेवक, तहसिलीतील कारकून, बँकेतील रोखपाल, पोस्टमन, आशा कार्यकर्ती हेही त्याच साथीत वावरत होते आणि त्यांच्यातलेही कित्येक परतले नाहीत. वाईट नियम चांगल्या माणसाकडूनही वाईट काम करवितो. चांगला नियम सामान्य माणसाच्या हातूनही भले घडवितो. म्हणून आमचा रोख माणसांवर नाही, नियमांवर आहे.

या इतिहासातून तीन गोष्टी निघतात असे आम्हांस वाटते. पहिली, साथीचा कायदा आणि साथीची मदत यांचे नियम एकाच वेळी, आणि साथ येण्यापूर्वी लिहिलेले असावेत. दुष्काळाला संहिता होती. साथीत कोणता पुरावा किती दिवस स्थगित राहील, पैसे घरी कोण नेईल, यादीत नसलेल्याचे नाव कोण लिहील, याची तशीच संहिता हवी. ऐनवेळी निघालेल्या परिपत्रकाची वाट पाहणाऱ्याच्या घरात तोवर चूल पेटलेली नसते. दुसरी, निराधाराचे अनुदान महागाईशी जोडलेले असावे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ते १,५०० केले, हे चांगले झाले; परंतु वाढ मर्जीने होते तोवर ते १८७१ च्या कल्पनेतच अडकलेले आहे. नाकारा खटल्यातला न्याय मोलकरणीच्या दारापर्यंत अजून जावयाचा आहे.

तिसरी गोष्ट आपल्यासारख्या शहरवासीयांसाठी आहे. १८९६ मध्ये सार्वजनिक सभेची माणसे पायी हिंडून दुष्काळाचे नियम वाचून दाखवीत होती. त्यांच्याजवळ अधिकार नव्हता, निधी नव्हता. वाचता येत होते एवढेच. आज आपल्या प्रत्येक आळीत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, अर्ज भरण्यात हयात घालविलेले कारकून आहेत. आपल्या वस्तीत निराधार कोण, कोणाचे नाव यादीत आहे, कोणाचे सुटले आहे, कोणाचा दाखला राहिला आहे, हे त्यांनी साथ नसताना पाहून ठेवावे. सरकारला जो मनुष्य दिसत नाही तो शेजाऱ्याला दिसत असतो. पुढची साथ केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. पण ती येईल त्या दिवशी यादी पुरी असली, तर एखाद्या म्हातारीला आपण जिवंत आहोत हे सांगण्यासाठी जीव धोक्यात घालावा लागणार नाही.